वेन्याचा दुसरा डोळा

होडीवाल्या येफिमनं तइसिया ओपारिनाला ओळखलं आणि डोक्यावरची टोपी ओढून नाकापर्यंत आणली.

"माझा फोटो काढायचा नाही हं," तो टोपीखालून म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो. बटाटे लावायचे राहिलेत माझे."

तइसिया हसली. आठ वर्षांनी ती केर्गा गावी येत होती. लोकांना आपली आठवण आहे, थट्टा करायला ते धजतात, याचंच तिला बरं वाटलं. नदी भरून वाहत होती, काठावरच्या बर्चच्या झाडांना नुकती पानं फुटली होती, पाण्यावरचा वारा अजून बोचत होता. पण पलीकडच्या काठावर उतरून ती गल्लीतून चालू लागली, तेव्हा लाकडं फोडणाऱ्या एका म्हातारीनं तिच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला आणि कुऱ्हाड तशीच टाकून ती घरात शिरली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. पुढच्या घराच्या खिडकीत एक चेहरा होता, तोही पडद्याआड गेला. तइसियाला हे काही कळेना. हीच माणसं पूर्वी तिला 'तास्या, तास्या' अशा हाका मारून चहाला बोलवायची.

ती कॉटलास शहरातली. बाप नदीच्या बंदरात क्रेन चालवायचा. अठराव्या वर्षी ती पासपोर्टचे फोटो काढणाऱ्या दुकानात लागली आणि पाच वर्षं माणसांना एकच सांगत राहिली: कान दिसू द्या, हनुवटी खाली घ्या, हसू नका. मग जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात गेली. गवळणी, पूर, नवा पूल, निवृत्त मास्तर, जे समोर येईल ते टिपलं. सत्ताविसाव्या वर्षी सगळं गुंडाळून पीटर्सबर्गला गेली. दिवसा एका छापखान्यात काम, संध्याकाळी फोटोग्राफीचा वर्ग. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी तिची चित्रं बाजूला सारली. "ही माणसं फोटोसाठी बसलीत," ते म्हणाले. "माणूस बसायच्या आधी टिपायचा असतो. सावरला, की संपला." ते वाक्य तिनं मंत्रासारखं घोकलं.

केर्गाला ती पहिल्यांदा आली ती एका मासिकाच्या कामासाठी. गावची शाळा बंद होणार होती, त्यावर चार फोटो हवे होते. दोन दिवसांचं काम. पण पहिल्याच रात्री नदीवरचा बर्फ फुटला, पार जायची वाट बंद पडली, आणि ती उस्तिन्या साव्हात्येव्ना नावाच्या म्हातारीच्या घरी अडकली. चुल्हाणाच्या उबेला झोपायचं, उस्तिन्या आजीबरोबर गाईला पाणी द्यायचं, आणि उरलेला वेळ गावभर भटकायचं. रोल संपले तेव्हाच ती थांबली. त्यानंतर दहा वर्षं ती येत राहिली. त्यातून पुस्तक झालं, पुस्तकातून प्रदर्शन, मॉस्कोत, मग परदेशात. केर्गाच्या म्हाताऱ्यांचे चेहरे अशा शहरांत टांगले गेले जिथली नावं त्यांना उच्चारता आली नसती. तइसिया दर नाताळाला ज्याचा-त्याचा फोटो छापून पोस्टानं पाठवायची. मग आई आजारी पडली, कामं वाढली, आणि येणं राहून गेलं.

उस्तिन्या आजी अंगणातच होती. नव्वदीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण हातात टोपली आणि डोक्याला नवाकोरा रुमाल.

"आलीस? बरं झालं आजच आलीस. पितरांचा शनिवार आहे. चल, हात लाव टोपलीला. सगळं गाव वरच गेलंय."

"आजी, लोक मला बघून पळतायत."

"पळणारच," आजी शांतपणे म्हणाली. "चल, म्हणजे कळेल."

दफनभूमी गावाच्या वरच्या अंगाला, पाइनच्या रानात होती. कबरींवर बर्चच्या डहाळ्या खोचल्या होत्या, माणसं बाकांवर बसून उकडलेली अंडी सोलत होती, आख्खा मासा भरून भाजलेल्या रोट्यांचा वास सुटला होता. कुंपणाचं फाटक लोटून तइसिया आत शिरली, पहिल्या क्रूसापाशी आली आणि तिथंच थबकली.

क्रूसावर लंबगोल चकती होती, चिनीमातीची, मेलेल्याचा फोटो छापलेली. तिकडे सगळ्यांच्याच कबरींवर असते तशी. तिच्यावर तइसियाच्या पुस्तकातली फेओक्तिस्ता म्हातारी होती. तीच जरा तिरकी मान, तोच डाव्या गालावर खिडकीतून पडलेला उजेड. तो उजेड तइसियाचा होता. तासभर थांबून मिळवलेला. मूळ चित्रात फेओक्तिस्तानं कोंबडा कवेत धरला होता. चकती बनवणाऱ्यानं कोंबडा कापून काढला होता, पण शेपटीची पिसं खांद्यावर राहून गेली होती, जणू म्हातारीनं मरायच्या आधी महागडी कॉलर शिवून घेतली होती.

"हा माझा..." तइसिया म्हणाली.

"तुझाच," आजी म्हणाली. "पुढं हो. वाट अडवू नको."

पुढचा क्रूस. प्रोखोर. हा तिच्या प्रदर्शनात न्हाणीच्या वाफेत उघडाबंब बसलेला होता, हातात अंगावर मारायची डहाळ्यांची जुडी. इथं त्याला कोट चढवला होता, पांढरा सदरा, टाय. मान प्रोखोरची, घामानं थबथबलेली, आणि त्याखाली कडक कॉलर. त्याच्या शेजारी त्याचा भाऊ, तोच कोट, तोच टाय. त्यापलीकडे जुना पोस्टमन, पुन्हा तोच कोट. शहरातल्या कारागिराकडे बहुधा एकच कोट होता आणि तो त्यानं केर्गाच्या सगळ्या मेलेल्या पुरुषांना आळीपाळीनं घातला होता.

तइसिया या कबरीवरून त्या कबरीवर जात राहिली. तिचं पुस्तक तिच्यापुढं पानापानानं उघडत होतं, रानात, डहाळ्यांमध्ये, जन्म आणि मृत्यूच्या सालांसकट.  ज्या भिंतींवर ही चित्रं लागली होती त्या सगळ्या पांढऱ्या भिंती तिला आठवल्या, तिथली हातात पेला घेतलेली माणसं आठवली, आणि इथं लोक त्याच चेहऱ्यांपुढं अंडं ठेवत होते. "घे प्रोखोर, मीठ लावलंय," असं कुणीतरी म्हणत होतं.

"आमच्याकडे दुसरे फोटो होते कुठं?" उस्तिन्या आजी बाकावर टेकत म्हणाली. "एक लग्नातला, एक पासपोर्टातला. लग्नातला लावला तर ओळखू येत नाही, पासपोर्टातला लावला तर चोर वाटतो माणूस. तुझा चांगला. तुझ्या फोटोखाली निजायला लाज वाटत नाही. पण आता कसं झालंय, तू ज्याचा काढलास तो इथं आला. मग गाव म्हणतं, तास्या आली की एक जण जातो."

"आजी, ती माणसं ऐंशीची होती!"

"मी तेच सांगते त्यांना. ऐकतंय कोण?" आजी फसकन हसली. "मी नाही भीत. हे बघ."

तिनं बोट दाखवलं. तिच्या नवऱ्याच्या क्रूसाशेजारी दुसरा क्रूस उभा होता, ताज्या लाकडाचा. त्यावर चकती. चकतीवर उस्तिन्या आजी, चुल्हाणापुढं, हसताना. खाली जन्माचं साल, मग एक आडवी रेघ, मग रिकामी जागा.

तइसिया एकदा चकतीकडे, एकदा आजीकडे बघू लागली. शेजारी जिवंत म्हातारी अंडं सोलतेय आणि समोर तिचीच कबर तिच्याकडे बघून हसतेय.

"काय बघतेस? मागून पोरांनी भलताच लावला असता. आता मी स्वतः पसंत केलाय. दर रविवारी येऊन धूळ पुसते. आपलीच पुसायची, त्यात काय."

आणि मग तिला वेन्या दिसला.

तो रानाच्या कडेला होता, थोडा बाजूला. क्रूसापाशी त्याची आई, कापितोलिना, गुडघे टेकून गवत उपटत होती. तइसियाला त्याच्या मरणाची बातमी फोनवर कळली होती. हिवाळ्यात नदी ओलांडताना बर्फात पडून राहिला, सकाळी सापडला. त्या दिवशी परदेशात तिच्या प्रदर्शनाचं उद्‌घाटन होतं. अरेरे, असं ती म्हणाली होती आणि आत गेली होती. आत, दारासमोरच्या भिंतीवर, पुरुषभर उंचीचा वेन्याच होता.

कारण तिचं सगळ्यात गाजलेलं चित्र त्याचं. घराच्या पायरीवर बसलेला पस्तिशीचा माणूस, सदरा गळ्यापाशी फाटलेला, छातीशी पाव कवटाळलेला, एक डोळा सुजून मिटलेला, निळाकाळा. उरलेल्या डोळ्यानं तो सरळ तुमच्याकडे बघतो. पोस्टरवर तोच, मासिकाच्या मुखपृष्ठावर तोच, बक्षीस त्यालाच. 'उत्तरेचा चेहरा' असं कुणीतरी लिहिलं होतं.

इथं क्रूसावर तोच चेहरा होता, त्याच कोटात, त्याच टायमध्ये. आणि त्याला दोन डोळे होते.

कारागिरानं चांगला डोळा उचलून, उलटा करून, सुजलेल्या डोळ्याच्या जागी बसवला होता. डोळे दोन, पण दोन्ही एकच. तो कुठंच बघत नव्हता.  एवढ्या वर्षांत तिनं खूप काही पाहिलं होतं, पूर, जळलेली घरं, खाणीतून वर काढलेली माणसं. पण असं काही तिनं पाहिलं नव्हतं.

कापितोलिनानं मान वर केली. "तास्या? अगं बाई! ये, बस. बघ, किती छान झालाय ना?"

"कापा मावशी..."

"मी सांगून ठेवलं होतं चकतीवाल्याला. माझ्या पोराला दोन डोळे होते, म्हटलं, दोनच पाहिजेत. तो म्हणाला, आजी, फोटोत एकच आहे. मी म्हटलं, फोटोत एक असेल, मी दोन घातले होते जन्माला." तिनं ओच्यानं चकती पुसली. "पण जरा वेगळाच दिसतो, नाही का? मी रोज बोलते, पण तो माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी बघतो."

तइसिया तिच्या शेजारी गवतात बसली. कापितोलिनानं तिच्या हातात रोटीचा तुकडा दिला, छोट्या पेल्यात वोडका ओतली. दोघी प्याल्या, पेले न भिडवता, मेलेल्याच्या नावानं पितात तशा.

"एक विचारू?" कापितोलिना म्हणाली. "तू शिकलेली आहेस. ऱ्हास म्हणजे काय गं?"

"का?"

"पुतणीची पोरगी आली होती मॉस्कोहून. तिच्या फोनवर वेन्या होता. हाच, पण एका डोळ्याचा, सदऱ्यातला. खाली लिहिलं होतं म्हणे, ऱ्हास. मी म्हटलं, त्याचं नाव वेन्या, वेनेदिक्त सावेलिच. ती म्हणाली, आजी, हे चित्राचं नाव आहे. मग तिनं खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. थोडं वाचलं आणि गप्प झाली. मी म्हटलं, वाच ना. म्हणाली, नको."

उस्तिन्या आजी मागून येऊन उभी राहिली होती. "नदीचं पाणी उतरतं ना उन्हाळ्याच्या अखेरीस," ती विचार करत म्हणाली, "तसलं काहीतरी असेल."

"पितो म्हणून लिहिलं असेल," कापितोलिना म्हणाली. "प्यायचा. मी कुठं नाही म्हणते? पण मी म्हटलं तर ठीक आहे. ते कोण?"

तइसियानं रोटीचा तुकडा खाली ठेवला. ते नाव तिनं दिलं नव्हतं, प्रदर्शन भरवणाऱ्या एदुआर्द विलेनोविचनं दिलं होतं. पण तिनं मान डोलावली होती, एवढंच नाही, छान आहे म्हणाली होती.

"तो फोटो काढलास त्या दिवशी तू दिवसभर खटखट करत होतीस," कापितोलिना म्हणाली. "एखादा दुसरा नाही का गं त्याचा? असेल तर बघ."

तेव्हा तिला तो दिवस आठवला. वेन्या पायरीवर बसला होता. तिला पाहताच उठायला लागला. "थांब ना तास्या, तोंड धुऊन येतो. असा काय काढतेस?" आणि ती म्हणाली होती, "नको नको, असाच बस. असाच छान दिसतोस." तो बसला. तिला कुणी नाही म्हटलेलं आवडत नाही, असं बहुधा त्याला वाटलं. मग तिचं काम झालं, तेव्हा तो आत जाऊन खरोखरच तोंड धुऊन आला, ओले केस विंचरलेले, अंगात बापाचा जाड कोट. "आता काढ." तिच्या रोलमध्ये एकच फ्रेम उरली होती. त्याचं मन राखायला तिनं ती वापरली आणि निघाली. तिला आठवत होतं, तो मुद्दाम वाकडा बसला होता, खिडकीतल्या कुंडीकडे तोंड करून, स्टुडिओतल्या जुन्या फोटोंसारखा. सावरला, की संपला. ती फ्रेम तिनं कधी छापलीच नाही.

पीटर्सबर्गला परतल्यावर तिनं पेट्या उपसल्या. निगेटिव्ह सापडलं. रोलचं टोक असल्यानं एका कडेला उजेड शिरून पांढरी पट्टी आली होती, पण माणूस शाबूत होता. तिनं ते मोठं करून छापलं, पाण्यातून वर काढलं आणि दिव्याखाली धरलं.

तो कुंडीकडे बघत नव्हता. त्यानं सुजलेला डोळा पलीकडच्या बाजूला वळवला होता. ते चित्र पाहणाऱ्याला एकच डोळा दिसेल, चांगला, आणि दुसरा असेलच असं वाटेल, अशी त्यानं मान ठेवली होती. ताठ, श्वास रोखून. जगासमोर कसं दिसायचं हे त्यानं ठरवलं होतं, आणि तिला ती नुसती वाकडी पोझ वाटली होती. तिनं त्याला जगासमोर नेलं ते नेमकं त्याच्या इच्छेच्या उलट.

दुसऱ्या दिवशी तिनं एदुआर्द विलेनोविचला फोन केला.

"वेन्याचा फोटो उतरवायचा," ती म्हणाली.

"कुठला वेन्या?"

"पाववाला."

"अच्छा, ऱ्हास! तइसिया, तब्येत बरी आहे ना? शरदात सगळं प्रदर्शन त्याच्यावर उभं आहे. पोस्टर छापून झालंय."

"त्याच्या आईनं त्याला दुसरा डोळा बसवलाय."

 पलीकडून त्याचा आवाज एकदम चढला. "काय सांगतेस! कबरीवर? तुझ्याच फोटोला? अगं, मग ते टिपलंस की नाही? दोन्ही शेजारी शेजारी लावू. हे तर मूळ चित्राहूनही जबरदस्त आहे!"

तिनं फोन कानापासून दूर धरला. तिला धक्का बसला तो त्याच्या बोलण्याचा नाही. त्या रानात उभी असताना तिच्या मनात हेच आलं होतं. तिचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला होता. कापितोलिनानं रोटी पुढं केली म्हणून तो थांबला.

"नाही टिपलं," ती म्हणाली. "आणि पाववालाही देणार नाही."

वादावादी झाली. करार, वकिलाच्या नोटिसा. शेवटी चित्र उतरलं, प्रदर्शन रद्द झालं, आणि पुढची बोलावणी हळूहळू थांबली. ती सध्या काही करत नाही, असं एकानं छापलं. फोनवरून तो फोटो अर्थातच पुसला गेला नाही. तिथला कोण पुसणार? तइसिया पुन्हा लग्नांचे, शाळांचे फोटो काढू लागली.

आर्खांगेल्स्क शहरात जाऊन तिनं नव्या फ्रेमची चकती बनवून घेतली. तो कोटवाला कारागीर काही वाईट माणूस नव्हता. फोटो पाहून म्हणाला, "ही पांढरी पट्टी काढतो. केस सुकवतो. टाय तरी घालू?"

"काही घालू नका. काढू पण नका."

"जशी तुमची मर्जी. लोक नंतर भांडतात म्हणून विचारलं."

नदी गोठायच्या आधी ती केर्गाला पोचली. कापितोलिनानं चहासाठी समोवार पेटवला होता. तइसियानं टेबलावर रुमाल सोडला आणि चकती पुढं केली. म्हातारीनं ती हातात घेतली. तिनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. तइसियाला वाटलं, हिला ओळखूच येत नाहीये. धुतलेला, विंचरलेला, ताठ बसलेला हा माणूस तिला परका वाटत असणार.

"असाच बसायचा," कापितोलिना शेवटी म्हणाली. "मार खाऊन आला की असाच. जेवताना त्या खिडकीकडे तोंड करून. मला दिसू नये म्हणून. मला काय दिसत नव्हतं?" ती उठली, चुल्हाणापाशी गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली. "कोट सावेलीचा आहे, ह्याच्या बापाचा. बटण मी लावलेलं."

दोघी मिळून वर गेल्या. तइसियानं जुनी चकती काढायला पेचकस आणला होता. म्हातारीनं तिचा हात धरला.

"अगं, ते काय करतेस?"

"मावशी, तो डोळा..."

"किती वर्षं बोलतेय मी त्याच्याशी. आता काय फेकून देऊ? हा पण लाव. शेजारी."

म्हणून त्या क्रूसावर आजही दोन आहेत. परगावची माणसं पितरांच्या शनिवारी येतात आणि म्हणतात, बिचारी, दोन पोरं गेली हिची. कापितोलिना त्यांना काही सांगत नाही. दोन डोळ्यांवाल्याला ती झापते: छप्पर गळतंय, लाकडं कोण फोडणार, नदीवरून यायची काय घाई होती. झापून झालं की दुसऱ्याकडे वळते आणि त्याच्यापुढं रोटी ठेवते.

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तइसिया कुंपणाच्या खांबाला धरून उभी होती.  कापितोलिनाला ते दिसलं.

"उभी काय राहिलीस भुतासारखी?" ती म्हणाली. "बस. अजून गरम आहे. आणि त्याच्या रोटीतला मासा घे, त्याला काटे आवडायचे नाहीत."